बाबारावचा हट्ट आणि चार डिस्क

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मी कोणाला पटवायला बसलो नाही.

गेल्या मे महिन्यात, नागपूरला वाडीत घडली. दुपारी अडीच वाजता. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

माझी मावसबहीण भैरवी तिथल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळते. त्या दिवशी ती नव्या सर्व्हरमध्ये चार डिस्क बसवत होती. खोलीत एकटीच.

जुना सर्व्हर तिच्या आधी हे काम करणाऱ्या बाबारावनं लावला होता. जागा जास्त मिळावी म्हणून त्यानं डिस्क 'रेड-५' पद्धतीनं मांडल्या. त्यात एक डिस्क गेली तर निभतं, दोन गेल्या की सगळं साफ. वर या शहाण्यानं सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा कूलर ठेवला! ओलाव्यानं दोन डिस्क पाठोपाठ बंद पडल्या.

भैरवीचा भाऊ प्रशिक सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट, वरचेवर रक्त लागणारा. त्याला कोणतं रक्त चालत नाही, ती नोंदच गेली. सगळ्या तपासण्या पुन्हा होईपर्यंत पोरगं सात तास कळवळत पडलं होतं.

बाबाराव मरेपर्यंत एकच म्हणत राहिला, "माह्यं काही चुकलं नाही."

म्हणून भैरवीनं 'रेड-१०' निवडलं. जागा निम्मीच, पण डिस्कच्या जोड्या. जोडीतली एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत.

तिनं दहावर क्लिक केलं...

स्क्रीनवर पाच आलं.

पुन्हा दहा...

पुन्हा पाच.

आणि मग... ओल्या वाळ्याचा वास.

वाळ्याच्या ताट्यांचा तो कूलर कधीच भंगारात गेला होता. खोलीत एसी होता. तरी मागं पाणी गळत होतं. टप... टप...

एसीचा आवाज बंद झाला. सर्व्हरच्या पंख्यांचाही. दिवे मात्र चालू.

कानाशी कोणीतरी बोललं...

"पाचच बराबर हाय वं."

भैरवी वळली नाही. तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता.

"बाबाराव, काहून हट्ट करून राहिले तुमी? तुमचं खरं कराले माह्या भावाले मारू काय? नाही ऐकत, जा!"

तिनं दाणकन बटण दाबलं.

दहा राहिलं.

नऊ दिवस काही नाही.

दहाव्या दिवशी दुपारी प्रशिकला आणलं. दुखण्यानं पार वाकला होता. भैरवीनं टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद उघडली.

खट्...

आवाज सर्व्हरच्या खोलीतून आला. खोलीला कुलूप होतं. किल्ली भैरवीच्या गळ्यात.

नोंद स्क्रीनवर होती.

पुन्हा... खट्.

नोंद तरीही होती!

"लिही वं पिंकी, लवकर!" ती टेक्निशियनवर ओरडली आणि नोंद वाचून दाखवली. तासाभरात प्रशिकला रक्त लागलं.

मग तिनं कुलूप काढलं.

दोन डिस्क फरशीवर होत्या. नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या. दुसरी आणि चौथी. दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक.

एकाच जोडीतल्या दोन्ही काढल्या असत्या तर नोंद गेलीच होती. बाबारावला हे कळत नव्हतं होय? जन्मभर हेच काम केलं त्यानं!

मग तो हरला, की त्यानं जाणूनबुजून सोडून दिलं? मला माहीत नाही. भैरवीलाही नाही.

तिनं डिस्क परत बसवल्या. मग रिकाम्या खोलीकडे पाहून म्हणाली, "नोंदींची दुसरी प्रत मी बाहेर ठेवली हाय. कुठं ते तुमाले सांगत नाही. काढा आता काय काढता ते!"



भैरवी म्हणते, ओरडला असता तर बरं झालं असतं, तो हरला एवढं तरी कळलं असतं. तो गप्प बसला, तेच तिला अजून खातंय.