अबुजरची पहिली निवड

धुकं म्हणजे काय धुकं! शारजाच्या त्या मैदानाबाहेर गाडी लावून हिबा उतरली आणि स्वतःचे बूटसुद्धा तिला धड दिसेनात. जानेवारीतली इथली सकाळ अशीच लबाड. कुठूनतरी पोरं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, ओरडत होती, पण कुठून ते काही कळेना. ती आपली अंदाजाने पुढे निघाली...

“थांबा! पुढे खड्डा आहे.”

आवाज अगदी कानाशी. हिबा किंचाळायचीच बाकी राहिली. समोर एक उंच माणूस उभा... गळ्यात शिट्टी, केस दवाने ओले.

“भुतासारखे काय उभे राहता हो?”

“भुतं गळ्यात शिट्टी घालून फिरत नाहीत,” तो हसला. आणि हसता हसता एकदम थांबला. आधी तिच्याकडे, मग तिच्या पायांकडे तो असा बघत राहिला, की हिबाने घाबरून खाली पाहिलं. खाली नुसती खडी.

“काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. “माझ्या मागून या.”

हाच तो अबुजर, हे तिला मैदानावर पोचल्यावर कळलं. आणि ती तर त्याचाच निकाल लावायला आली होती!

झालं होतं असं. हिबाच्या हमीदमामूंचं दुबईत देराला मसाल्याचं दुकान, आणि कोकणी पोरांच्या फुटबॉल लीगमध्ये त्यांची एक टीम. अबुजर त्या टीमचा मॅनेजर. नवा सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्या टीम आळीपाळीने पोरं निवडायच्या, आणि गेल्या वर्षी जी टीम शेवटून पहिली, तिला पहिल्या निवडीचा मान. मामूंची टीम दर वर्षी तळाला, म्हणून हा मान दर वर्षी अबुजरला. आणि दर वर्षी त्याने पहिला निवडलेला पोरगा सीझन संपायच्या आत गायब!

“पनवती आहे तो,” मामू म्हणाले होते. “तू ऑफिसात दिवसभर आकडेच चिवडतेस ना? याचं रेकॉर्ड बघ. निवडीच्या सकाळी मला सांग, ठेवू की खलास, काढून टाकू?”

मग काय, दर रविवारी मैदानाशेजारच्या कॅफेटेरियात कडक, दुधाळ करक चहा आणि चौकशी.

“माझी परीक्षा घेताय म्हणे,” अबुजर म्हणाला.

“घेतेय. चहा पाजून मार्क वाढणार नाहीत.”

“आणि समोसा दिला तर?”

“समोशाचा... विचार करता येईल.”

तो हसला की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडायच्या. हिबा उगाचच रविवारची वाट बघायला लागली. पण रेकॉर्ड खरोखर भयंकर होतं. एकाचा गुडघा गेला. तय्यबचे अब्बा आजारी पडले, तो रातोरात दापोलीला परतला. शौकतची कंपनीच बुडाली. हिबाने शौकतला श्रीवर्धनला फोन लावला.

“मी जाणार हे मलाच माहीत नव्हतं हो,” शौकत म्हणाला. “पण अबुजरभाईंनी माझं नाव घेतलं ना, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते... जसं कोणी विमानतळावर सोडायला आलंय.”

पुढच्या रविवारी तिने सरळ विचारलं, “तुम्हाला आधीच कळतं ना? कोण जाणार ते?”

अबुजरने चहाचा कप बाजूला सरकवला.

“ज्याला जायचंय, त्याचा आवाज बंद होतो,” तो हळूच म्हणाला. “पोरगा जीव तोडून धावतो, पण मला त्याचे पाय वाजलेले ऐकू येत नाहीत. वेडा म्हणा हवं तर.”

“मग त्यालाच का निवडता?”

“नाही निवडलं तर तो थांबणार आहे का? जायच्या आधी निदान एकदा तरी कोणी त्याचं नाव सगळ्यात आधी घ्यावं. मामू शिव्या घालतात. घालू देत.”

सरळ सांगायचं तर हिबा तिथेच, त्याच क्षणी प्रेमात पडली. आणि त्याच क्षणी गारठलीसुद्धा. तिने टोरांटोच्या एका कंपनीला होकार कळवला होता. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता.

“आणि... माझे पाय?”

“चहा निवतोय तुमचा,” अबुजर म्हणाला आणि उठून गेला.

निवडीची सकाळ उजाडली, तीही धुक्यातच. सगळ्यांदेखत मामूंनी विचारलं, “बोल पोरी, काय करू?”

“खलास करा,” हिबा म्हणाली.

अबुजरने मान डोलावली, गळ्यातली शिट्टी काढून मामूंच्या हातात दिली आणि तो धुक्यात चालायला लागला. हिबा धावत त्याच्या मागे गेली.

“रागावलात?”

“छे. रेकॉर्ड वाईटच आहे की.”

“मी टोरांटोला चाललेय.”

“जाणार हे माहीत होतं.” तो थांबला, पण वळला नाही. “पहिल्याच सकाळी कळलं होतं. खडीवरून चालत आलात, आणि खडी वाजलीच नाही.”

“मग माझं नाव का नाही घेतलंत?”

“मनात रोज घेतलं. तोंडाने... भीती वाटली. आजवर ज्याचं-ज्याचं नाव घेतलं, ते माणूस उरलं नाही.”

“त्यांच्यापैकी कुणाबरोबर तुम्ही कधी गेलात?”

“कुणी बोलावलंच नाही.”

“मी बोलावतेय ना!” हिबा म्हणाली. “म्हणून तर काढून टाकायला लावलं. टीम गळ्यात असताना तू आला असतास? एवढंही कळत नाही तुला?”

तो वळला. तिच्याकडे बघत राहिला, मग डोळ्यांच्या कडेला त्या सुरकुत्या पडल्या.

“हिबा,” त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. “चल.”

आणि तो तिच्याकडे चालत आला. भरभर, बूट घातलेल्या पायांनी, त्या सगळ्या खडीवरून... आणि हिबाला एकही पाऊल ऐकू आलं नाही.