शहात्तरचा पुकारा

हेट्टी ट्रँटरच्या आवाजाची गोष्ट साल्टबीच्या किनाऱ्यावर अजून सांगतात. धक्क्याच्या तोंडाशी तिची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, गाडी असायची. पेल्यात उकडलेल्या तिसऱ्या, वर व्हिनेगर आणि मिरपूड. एकदा दाट धुक्यात कोळ्यांची एक होडी किनारा चुकली, आणि हेट्टीच्या "ताज्या तिसऱ्या" या हाकेचा माग धरून धक्क्याला लागली. त्या कोळ्यांनी नंतर जन्मात तिसऱ्या फुकट मागितल्या नाहीत. माल कुणीही विकतो, पण गिऱ्हाईक आवाजावर येतं, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

नवरा गेला, गुडघे गेले, तशी तिनं गाडी विकली आणि मुलाच्या घराजवळ नॉटिंगहॅमला बिऱ्हाड केलं. समुद्र सुटला. सुटली नाही ती एनिड पास्क. एनिड किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानात वाढपी होती, आणि तिचा आवाज इतका बारीक की गिऱ्हाईक बिल मागायचं आणि ही सांगायची ते कुणाला ऐकूच जायचं नाही. दोघी जन्मभर बुधवारी दुपारी हाउझी, म्हणजे तंबोला, खेळायला शेजारी शेजारी बसल्या. एनिडचं तिकीट भरलं की "हाउस" ओरडायची ती हेट्टी. पुढचा आकडा निघायच्या आत ओरडलं नाही तर तिकीट बाद, आणि एनिडच्या आवाजावर विसंबलं असतं तर तिला उभ्या आयुष्यात बक्षिसाची एक किटली मिळाली नसती.

ऑक्टोबरात एनिडचा फोन आला. फार बोलली नाही. "बुधवारी ये. तुझी जागा धरून ठेवलीय," एवढंच. हेट्टीनं जॅमची बाटली पिशवीत टाकली आणि बस धरली.

साल्टबीचा हंगाम संपला होता. गाडीच्या जागी आता कुणी मोबाइलची कव्हरं विकत होतं, तेही फळ्या लावून गेलेलं. वाळूवर गाढवांच्या फेऱ्या चालायच्या तिथं ओलं शेवाळ पसरलं होतं. गाढववाला नॉर्मन मागच्याच हिवाळ्यात गेला. त्याच्या शवपेटीवर कुणीतरी गाजर ठेवलं होतं आणि त्यावरून त्याच्या बहिणींत भांडण जुंपलं होतं. हेट्टीला ते आठवून हसू आलं. समुद्रावरून धुकं चढत होतं. हाउझीच्या हॉलच्या दारावर आडव्या फळ्या ठोकलेल्या तिनं जाता जाता पाहिल्या, आणि आता बुधवारी करायचं काय, असा विचार करत ती एनिडच्या दारात पोचली.

दार उघडलं. एनिड सुकून काटकी झाली होती. टेबलावर मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री जशीच्या तशी, वर साय धरलेला चहा. गेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीवर त्याचा कोट अजून तसाच.

हेट्टीनं आधी यथेच्छ शिव्या दिल्या, मग चहा टाकला. आपल्याकडे चल, शेजारची खोली रिकामी आहे, मुलगा काही बोलला तर त्याचं मी बघते, असं सगळं एका दमात सांगितलं. एनिड नुसती ऐकत होती. मग टोपी घालून उठली आणि म्हणाली की उशीर होईल, सगळी वाट बघत असतील.

"सगळी कोण?"

"ग्वेन. नॉर्मन. आपलीच."

ग्वेन म्हणजे हाउझीला त्यांच्याच बाकावर बसणारी. ग्वेनच्या कबरीवर तिनं स्वतः माती टाकली होती. म्हातारपणी डोकं फिरतं, तिला वाटलं. वाद घालून काय मिळणार?

"हॉल बंद आहे गं," ती हळूच म्हणाली. "फळ्या मारल्यात."

"समोरून बंद आहे," एनिड म्हणाली. "बाजूनं चालू असतं."

धुक्यानं एव्हाना रस्त्याचे दिवे गिळले होते. पलीकडे समुद्र होता, पण नुसता श्वास घेतल्यासारखा. एनिड बोळातून सरावानं चालत होती. हॉलच्या बाजूच्या दाराला मूठ नव्हती. तिनं नुसता हात टेकवला, आणि ते आत गेलं.

आत पिवळा उजेड होता. आधी आला तो वास: भिजलेला गालिचा, ओली लोकर, आणि त्याखाली ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाचा. बाकं भरलेली होती. प्रत्येकापुढं चहाचा कप होता आणि एकाही कपातून वाफ येत नव्हती. आपापल्या ठरलेल्या जागेवर प्रत्येक जण. हेट्टीच्या जागेवर निळी लोकरी बंडी घालून ठेवलेली होती, ग्वेनची. शेजारी ग्वेन होती, तशीच ऐसपैस.

"आली एकदाची नॉटिंगहॅमची राणी," ग्वेन म्हणाली, आणि बंडी उचलली. तिचा हात हेट्टीच्या हाताला लागला. ओल्या दगडासारखा होता.

हेट्टी बसली. समोर चौथऱ्यावर आकडे पुकारणारा रेज मॉसप, तोच लाल बो टाय, तोच तेल लावून चापून बसवलेला भांग. त्याच्या अंत्ययात्रेत पावसानं हेट्टीचे चांगले बूट गेले होते.

"पाय दोन, अकरा," रेज म्हणाला. आकडा दोन पायांसारखा दिसतो म्हणून ते नाव, आणि पूर्वी यावर सगळा हॉल शीळ घालायचा. आताही घातली, पण दातांतून नुसता वारा गेल्यासारखी. "बदकं दोन... बावीस." क्वॅक, क्वॅक, असं चहूकडून हलकेच आलं.

मागच्या बाकावर नॉर्मन "हाउस" म्हणाला. भरदार आवाजात, पण शांतपणे, घड्याळ बघून बस आली म्हणावं तसा. रेजनं तिकीट तपासलं, मान हलवली. नॉर्मननं टोपी घातली, सगळ्यांना हात केला आणि समुद्राकडचं दार उघडून निघून गेला. दार उघडं होतं तेवढा वेळ लाटांचा आवाज आत आला, फार जवळून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दार मिटलं.

"सुटला बिचारा," ग्वेन म्हणाली.

हेट्टी एनिडकडे वळली. एनिडच्या चेहऱ्यावर हेवा होता, दुसरं काही नाही. मग तिनं सगळं सांगितलं, कुजबुजत, रडत नाही की काही नाही. ज्याचं तिकीट भरतं तो घरी जातो. तिचं तर कितीदा भरलं. दर वेळी ती ओरडली, पण रेज जिवंतपणीही कानानं कमी, त्याला ऐकू जात नाही, आणि पुढचा आकडा निघतो. दुसऱ्या कुणी ओरडलेलं चालत नाही. पण रेज म्हणाला, हेट्टी तुझ्यासाठी कायमच ओरडायची, ती जुनी वहिवाट आहे, तिचं चालेल.

"म्हणून बोलावलंस मला," हेट्टी म्हणाली.

"मी काय करू इथं राहून, हेट्टी? फळीवर राहिलेला माल आहे मी. गिऱ्हाईक गेलं सगळं."

हेट्टीला राग आला. भीती होतीच, पण राग तिच्यावर चढून बसला, आणि त्यानं तिला बरंच वाटलं. "फळीवरचा माल मी जन्मभर विकत आले," ती म्हणाली. "कुठला टाकायचा आणि कुठला नाही, ते मला कळतं. ऊठ."

एनिड उठली नाही. तिच्या तिकिटावर शाईचे जांभळे ठिपके पडत गेले होते, आणि एकच घर मोकळं होतं. शहात्तर.

शहात्तरची एक जुनी गंमत होती. सात शिलिंग सहा पेन्स ही कोणे एके काळी लग्नाच्या परवान्याची फी. म्हणून तो आकडा निघाला की पुकारणारा विचारायचा, "तिची किंमत होती का?" पुरुष म्हणायचे, नाही. बायका म्हणायच्या, पैन् पै. त्यावर हसणं व्हायचं, आणि ते संपेपर्यंत पुढचा आकडा कुणी काढत नसे.

रेजनं हात पेटीत घातला. आत चेंडू उड्या मारत नव्हते. गाळात दगड पडावेत तसे वाजत होते. त्यानं एक काढला, पाहिला, आणि सरळ हेट्टीकडे बघून हसला.

"शहात्तर..." तो म्हणाला. "तिची किंमत होती का?"

सगळा हॉल वळून बघत होता. एनिडनं ठिपका लावला. तिची बोटं हेट्टीच्या मनगटात रुतली.

"ओरड, हेट्टी... एकदाच... माझ्यासाठी."

हेट्टी उभी राहिली. धक्क्यावर भरायची तशी छातीत हवा भरली.

"पैन् पै!"

दिव्यांच्या काचा थरथरल्या. शेजारी एनिडचे ओठ हलत होते, "हाउस, हाउस," पण त्या हाकेखाली ते डास गुणगुणावा तसं बुडून गेलं. रेजनं कानामागे हात धरला. हेट्टी थांबली नाही. पैन् पै, पैन् पै, जणू गाडीवरचा शेवटचा पेला खपवायचा आहे आणि आभाळ भरून आलंय. ग्वेननं तिची बाही ओढली, कुणी पाय धरला. तिनं चहाचा ट्रे उचलून टेबलावर आपटायला सुरुवात केली.

"पुढचा आकडा काढ, मेल्या!"

जन्मभर ती त्याला मेल्याच म्हणत आली होती. आज तोंडातून गेल्यावर तिला कळलं की त्यात शिवी उरलेली नाही.

रेज हसला. हात परत पेटीत घातला. "आवाज अजून खणखणीत आहे, हेट्टी," तो मऊपणे म्हणाला. "इथं उपयोगी पडेल." आणि त्यानं पुढचा चेंडू काढला.

एनिडचं तिकीट बाद झालं. हेट्टीनं तिला बखोटीला धरलं आणि बोळात ओढत आणलं. मागं दार आपोआप मिटलं. धुक्यात दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. एनिड आता रडत होती, पहिल्यांदाच. हेट्टीला म्हणायचं होतं, रड, रडून घे, मग वाटेत काही खाऊ. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी घशात दिवा लावून पाहिलं. काही बिघडलेलं नाही म्हणाले. हेट्टीनं खांदे उडवले. सौदा महागात पडला, पण माल हातात होता. एनिड नॉटिंगहॅमला राहायला आली. पहिले दिवस फुगून बसली, मग चिडून जेवायला लागली, मग नुसती जेवायला लागली. जन्मभर दोघींच्या वाटचं हेट्टी बोलली. आता दुकानात, टपाल कचेरीत, मुलाशी भांडताना, एनिडला बोलावं लागे. मुलगा म्हणाला, एनिड मावशीला इतकं तोंड आहे हे ठाऊकच नव्हतं.

मग एका बुधवारी, चहाच्या वेळेला, स्वयंपाकघरातला फोन वाजला. एनिडनं उचलला.

"बुधवार आहे गं," पलीकडून हेट्टी म्हणाली. तोच धक्क्यावरचा रुंद, खणखणीत आवाज. "ये. तुझी जागा धरून ठेवलीय."

हेट्टी समोर बसून पावाला जॅम लावत होती. तिचा घास तोंडातच राहिला. तो आवाज टेबलापलीकडेही ऐकू येत होता. मागून चेंडू वाजले, गाळात पडल्यासारखे. मग रेज, लांबून, निवांत: "शहात्तर... तिची किंमत होती का?"

एनिडनं हेट्टीकडे पाहिलं. त्या गप्प बाईकडे, जॅम लागलेल्या सुरीकडे. मग तिनं फोन तोंडाशी धरला आणि ओरडली. पैन् पै. इतक्या जोरात की शेजाऱ्यानं भिंत ठोकली. तिनं शेजाऱ्यालाही चार शब्द सुनावले.

पलीकडे शांतता झाली. हेट्टी उठून जवळ आली. दोघींनी एकाच वेळी कान लावला.

लाटांचा आवाज होता. आणि त्याच्या खूप खाली, डासासारखा, एक बारीक आवाज. तो एनिडचा होता, त्या दिवशी हॉलमध्ये बुडालेला. हाउस, म्हणत होता. हाउस.

फोनची तार काढून टाका, असं मुलानं सुचवलं. दोघींनी ऐकलं नाही. पाठ फिरवली की पाठीमागे येतं, हे हेट्टीनं त्याला खुणेनं सांगितलं. दर बुधवारी चहाच्या वेळेला फोन वाजतो, त्या उचलतात. तो बारीक "हाउस" रेजच्या कानी पडू नये म्हणून एनिड ओरडते आणि हेट्टी रिसीव्हरजवळ ट्रे बडवते, पलीकडून पुढचा आकडा निघेपर्यंत. शेजारी आता सवयीनं त्या वेळी फिरायला जातो.

अलीकडे त्यांना ट्रे जरा जास्तच जोरात बडवावा लागतो. तिकडचा तो बारीक आवाज दर आठवड्याला किंचित मोठा होतो आहे.