ओढणीवरचा व्हाइट बॅलन्स

"मॅडम, जरा ती ओढणी पसरून धरता का?"

सोनईला मैत्रिणीच्या, संस्कृतीच्या हळदीत मी मांडवाच्या तोंडाशी चपला शोधत होते. मान वर केली तर समोर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे दाढी, आणि दाढीच्या वर... डोळे बरे होते. खोटं कशाला बोलू?

"का?"

"पांढरं लागतंय कॅमेऱ्याला. खरं पांढरं कसलं ते दाखवल्याबिगर बाकीचे रंग बरोबर येत न्हाईत."

हे तो मला सांगत होता! शहरात, सावेडीतल्या स्टुडिओत तीन वर्षं मी लोकांनी शूटिंगमध्ये बिघडवलेले रंगच तर दुरुस्त करते आहे.

"त्यासाठी पांढरं कार्ड असतं. नाहीये?"

"विसरलो..."

हळदीला सगळ्याजणी पिवळ्यात आलेल्या, आणि मी एकटीच हट्टानं पांढरी ओढणी घेऊन गेलेले. धरली पसरून. बटण दाबायला एक सेकंद लागतो. हा चांगलं अर्धं मिनिट बघत राहिला — आणि ओढणीकडे नाही. मग "झालं" म्हणाला आणि चालता झाला. नाव विचारलं नाही, काही नाही. मी आपली उभी, कोणीतरी दोरीवर वाळत घातल्यासारखी.

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, तोच कॅमेरावाला आमच्या स्टुडिओचा जिना चढून आला. हार्ड डिस्क छातीशी धरलेली.

"तुमी इथं?" तो दारातच थबकला. "मी कानिफनाथ. संस्कृतीताईच्या हळदीची फिल्म..."

फिल्म लावली आणि मी कपाळावर हात मारला. अख्खी सोनई पिवळी! नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, बिभीषणमामा, म्हणजे संस्कृतीचे वडील, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. हळद कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, काही कळेना.

"कावीळ झाल्यासारखी दिसती म्हनून रडली ती," कानिफ हळूच म्हणाला. "शनिवारी नवऱ्याबरोबर चेन्नईला निघालीय. त्याच्या आत फिल्म पायजे. माझं स्वतःचं पयलंच काम हाय, मॅडम. ह्येच बिघडलं तर मला गावात कुनी बारशालासुदिक बोलवायचं न्हाई."

आता हे दुरुस्त करायचं म्हणजे काय, ते ऐका. सगळ्या चित्रातलं पिवळं कमी केलं तर चेहरे सुधारतात, पण हळद राखेसारखी दिसते. हळद तशीच ठेवली तर कावीळ कायम. मग मॅट करावं लागतं. मॅट म्हणजे चित्राची काळी-पांढरी आकृती. पांढऱ्या भागात रंग बदलतो, काळ्याला हात लागत नाही. स्क्रीनवर छोटे चौकोन, त्यांना नोड म्हणतात, तारांनी जोडत जायचं. एका नोडमध्ये हळदीचं मॅट, दुसऱ्यात चेहऱ्यांचा रंग, आणि शेवटी दोन्ही तारा एकत्र. ऐकायला सोपं. पण कॉम्प्युटरला "हळदीचं पिवळं निवड" म्हटलं, की तो हळद, झेंडू, पितळी तांब्या आणि बिभीषणमामांचं टक्कल असं सगळंच निवडून मोकळा होतो!

मग उरतो हात. गालावरच्या हळदीभोवती रेघ ओढायची आणि नवरी हलली की पुढच्या फ्रेमवर ती सरकवायची. सेकंदाला पंचवीस फ्रेम. आणि संस्कृती एक क्षण स्थिर बसेल तर शपथ!

"माझ्या ओढणीवर घेतलं होतंस ना पांढरं?" दुसऱ्या दिवशी मी ओरडलेच. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, कळलंही नाही. "मग हे पिवळं आलं कुठून?"

तो खाली बघत म्हणाला, "नंतर परत घेतलं असंल... मांडवाच्या कापडावर."

"असेल? कॅमेरा तुझ्या हातात होता की बिभीषणमामांच्या?"

"चुकलं, मॅडम."

रोज दहाला तो सोनईहून हजर व्हायचा. रोज पिशवीत भाजलेल्या शेंगा. रोज माझी बोलणी खायचा आणि शेंगा मात्र मला सोलून द्यायचा. मी जितकी चिडायची तितका तो गप्प. त्या गप्प बसण्यानंच माझं डोकं जास्त फिरायचं. एकदा तरी उलटून बोल की रे!

बुधवारी मी नवरीच्या गालावर रेघ ओढत होते, तर तो पटकन म्हणाला, "तिथं नगं. ती हळद न्हाई."

"मग काय आहे?"

"आईनं हात लावला तवा ती रडाया लागली. गाल लाल झालाय. तेवढा ऱ्हाऊ द्या."

मी फ्रेम मागे-पुढे करून पाहिली. खरंच होतं. इतकं बारीक दिसतं या माणसाला, आणि पांढरं ओळखता येत नाही? मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तो आवडलाही. दोन्ही वेगवेगळं करणारं मॅट मला अजून जमलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. हातात तीच ओढणी.

"या वेळी नीळ बेतानं घातलीय गं," ती म्हणाली. "संस्कृतीच्या हळदीच्या वेळी हात सुटला होता माझा. घरात पांढरी दिसायची, पण उन्हात धरली की चक्क निळी!"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या दिवशी कॅमेऱ्याला आम्ही निळं दाखवून हेच पांढरं म्हणून सांगितलं होतं. त्यानं इमानदारीनं सगळीकडचं निळं काढून टाकलं. मग पिवळं नाही होणार तर काय?

चार दिवस मी स्वतःच्याच ओढणीचा राग त्याच्यावर काढत होते.

स्कूटर दामटत स्टुडिओत पोचले. दहा वाजता तो आला. काम उरकून दुपारी तयार फिल्म एक्स्पोर्टला लावली. स्क्रीनवरची पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर असताना मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"मांडवाच्या कापडावर काही घेतलं नव्हतंस. माझी ओढणीच निळी होती. तुला माहीत होतं?"

शेंग सोलता सोलता तो थांबला. "घरी जाऊन फिल्म बघितली तवा कळलं."

"मग चार दिवस तोंडाला कुलूप का?"

"तुमी पांढरं म्हनून धरली हुती," तो म्हणाला. "तुमाला कसं सांगायचं... वाईट वाटलं असतं."

"आणि माझी बोलणी खाताना तुला वाईट वाटत नव्हतं?"

"न्हाई. तुमी बोलत तर हुता."

देवा! असल्या माणसाचं करायचं काय? मी कपाळ धरून बसले. तेवढ्यात तो पुटपुटला, "आजून एक हाय... पर चिडू नका."

त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक पांढरं कार्ड टेबलावर ठेवलं. कोपरे झिजलेलं, रोजच्या वापरातलं.

"हे विसरला होतास ना?"

"खिशातच हुतं. तुमच्याशी बोलायला दुसरं काय सुचंना."

म्हणजे अर्धं मिनिट मला बघायचं म्हणून या गृहस्थानं अख्खं गाव पिवळं केलं, आणि ते निस्तरायला चार दिवस मी मान मोडून घेतली! मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. कार्ड उचललं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

"मॅडम, ते पुढच्या लग्नाला लागंल..."

"मग माझ्याकडे मागायला यायचं. प्रत्येक वेळी."

त्याच्या चेहऱ्यावर लख्ख प्रकाश पडला. एक्स्पोर्ट संपल्याची घंटा वाजली, पण आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मोनिका," त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. "आन् लगीन... आपलंच असलं, तर? तवा कॅमेरा कुनी धरायचा?"

"दुसऱ्या कोणीही," मी म्हणाले. "ज्याला पांढरं ओळखता येतं अशानं."