पुलावरचं पाणमांजर

टाचणी जिना चढत होती आणि जिन्यात एक माणूस रांगत होता.

चांगला वाढलेला माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दोन्ही हात पायरीवर टेकून, पाठीला कमान देऊन तो एकेक पायरी वर सरकत होता, आणि दर पायरीला ते ओळखपत्र टक्‌ करून आपटत होतं. लिफ्ट बंद होती, जिना अरुंद. ओलांडून जावं तर ते काही बरं दिसलं नसतं.

"काही हरवलंय का?" तिनं विचारलं.

"कंबर," तो वर न बघताच म्हणाला. "पुढचे पाय टेकायच्या आधी उचलली जाते की नंतर... तेच सापडत नाहीये."

"कोणाची कंबर?"

"पाणमांजराची."

मग त्यानं मान वर केली. समोर अनोळखी मुलगी, एक भुवई वर गेलेली, ओठ हसू दाबून धरलेले... त्याचे कान आधी लाल झाले, मग बाकीचा चेहरा.

"तुम्ही पुढे व्हा," तो भिंतीला चिकटत म्हणाला. "पाणमांजर मागून येईल."

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ताईनं लहानपणी ठेवलेलं. ही जिथं बसेल तिथं कोणाला ना कोणाला टोचणार, म्हणून. पुढं व्हिडिओ गेमच्या मासिकात नोकरी लागली आणि नाव सार्थकी लागलं. गेम बाजारात यायच्या आधी त्याचा थोडा भाग खेळून बघायचा आणि वाचकांना खरं काय ते सांगायचं, हे तिचं काम. संपादकबाईसुद्धा तिला टाचणीच म्हणायच्या, आणि ते कौतुकानं म्हणायच्या.

आजचा गेम तिनं मागून घेतला होता. एका खोऱ्यातली नदी एके दिवशी वाहायची थांबते, आणि तीन जनावरं ती का थांबली ते शोधायला निघतात: एक कोल्हीण, एक साळिंदर आणि एक पाणमांजर. तुम्ही कोणतंही एक निवडायचं आणि निघायचं. डोंगर चढा, दलदल तुडवा, मन मानेल तिकडं भटका. लढा, मार खा, शिका. तुम्ही जसे खेळाल तसं तुमचं जनावर घडत जाणार. असा खेळ कोणीतरी करावा म्हणून टाचणी केव्हापासून वाट बघत होती.

कंपनीत पत्रकारांना एका लांबट खोलीत बसवलं. पडदे ओढलेले, समोर स्क्रीन, हातात कंट्रोलर. गेम बनवणारे मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बघायची परवानगी होती, बोलायची नव्हती. त्यांच्यात तो जिन्यातलाही होता. जनावरांच्या हालचाली बनवायचं काम त्याचं. सगळे त्याला रांगोबा म्हणत, आणि का म्हणत ते टाचणीला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिनं पाणमांजर निवडलं.

पाण्यात ते उतरलं आणि हातात कंट्रोलर आहे हेच ती विसरली. काय पोहत होतं! तळाशी सूर मारायचं, शेवाळातून वळसा घालून वर यायचं, मिशांवरचं पाणी झटकायचं. तिनं मुद्दाम बोटं उचलली, काहीच केलं नाही. तर ते पाठीवर उताणं झालं, डोळे मिटले, आणि एक पंजा शेजारच्या पाण्यात चाचपडू लागला. शेजारी कोणीतरी असण्याची त्याला सवय असावी. कोणी सापडलं नाही. मग त्यानं पाण्यातली एक वेल धरली आणि ते झोपी गेलं.

टाचणीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. तिनं मागं वळून पाहिलं. रांगोबा स्क्रीनकडं बघतच नव्हता. तो तिच्याकडं बघत होता... दोघांनीही घाईघाईनं नजर वळवली.

मग आला पूल.

लाकडी पूल, पलीकडं रानकुत्रे. तिनं हल्ल्याचं बटण दाबलं. पाणमांजरानं पाठ वाकवली, पंजे गोळा केले, अंग झटकलं, आणि मग झेप घेतली. तोवर कुत्र्यानं त्याचा फडशा पाडला होता. पुन्हा. पुन्हा तेच. शेजारच्या खुर्चीतला पत्रकार साळिंदर घेऊन पूल ओलांडून डोंगराला लागला, आणि टाचणी अजून अलीकडंच मरत होती.

"कसं वाटलं?" बाहेर पॅसेजमध्ये रांगोबानं तिला गाठलंच.

"छापून आल्यावर वाचा."

"एवढं वाईट?"

"एवढं चांगलंही असू शकतं की."

"तुमच्या कपाळावर आठी आहे."

"ती जन्मापासून आहे."

"मग..." तो जरा थांबला. "मग शोभते."

टाचणी उत्तरादाखल काहीतरी टोचणारं बोलणार होती. पण त्याऐवजी ती हसली, आणि आठी मोडली.

रविवारी ती प्राणिसंग्रहालयात गेली. पाणमांजराबद्दल लिहायचं तर खरं पाणमांजर एकदा पाहायला हवं, एवढाच हेतू. निदान ताईला तिनं तसं सांगितलं. झिमझिम पाऊस होता, माणसं नव्हतीच. पाणमांजरांच्या तळ्याशी मात्र कठड्यावर रेलून एकजण भिजत उभा होता.

"तुम्ही छत्री नाही आणत?" ती त्याच्या मागं जाऊन म्हणाली.

रांगोबा दचकला, मग हसला. "ती आणत नाहीत," त्यानं तळ्याकडं बोट केलं. "मग मीही नाही."

छत्री तिची, ती पण एकट्यापुरती. तरी तिनं ती दोघांवर धरली. त्याचा डावा खांदा भिजत राहिला, तिचा उजवा. मधले दोन खांदे कोरडे होते, आणि त्यांच्यात बोटभरसुद्धा अंतर नव्हतं.

"पाणमांजरच का?" तिनं विचारलं. "कोल्हीण सगळ्यांना आवडते."

"मी लहानपणी फार सावकाश होतो. चालायला उशिरा लागलो, बोलायला त्याहून उशिरा. सगळे आईला म्हणायचे, डॉक्टरला दाखवा. आजोबा म्हणायचे, येऊ दे त्याला त्याच्या चालीनं." तो पाण्याकडं बघत बोलत होता. "जमिनीवर हे पण असंच आहे बघा, ढिम्म. आणि पाण्यात शिरलं की... मला वाटलं, असा एक नायक असावा."

टाचणीनं छत्रीची मूठ घट्ट धरली. गप्प बसणं किती सोपं होतं! पाऊस, तो खांदा, तो आवाज... एक दिवस गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? पण बिघडलंच असतं, हे तिला ठाऊक होतं.

"तुम्हाला एक सांगायचंय. छापून यायच्या आधी, तोंडावर," ती म्हणाली. "पुलावर ते कुत्र्यांमुळं मरत नाही. तुमच्यामुळं मरतं."

त्यानं मान तिच्याकडं वळवली.

"मी बटण दाबते तेव्हा ते लढायच्या आधी सुंदर दिसायला लागतं. पाठ, पंजे, मिशा... तुम्ही त्याच्या इतके प्रेमात आहात की त्याला वेळेवर उडी मारू देत नाही."

छत्रीवर पाऊस वाजत राहिला. त्यानं विचारलं, "हे लिहिणार?"

"हो."

आता तो विनवणी करेल, नाहीतर रागावेल. दोन्हीची तिनं मनाशी तयारी केली होती.

"मग नीट लिहा," तो म्हणाला. "अर्धवट नको. वेलीला धरून झोपतं तेही लिहा, आणि पुलावर मरतं तेही."

टाचणी प्रेमात पडली ती त्या वाक्यावर. पण ते ती त्याला सांगणार नव्हती. लेख लिहायचा होता ना.

लेख आला. तिनं दोन्ही लिहिलं होतं. नदीबद्दल असं लिहिलं की वाचणाऱ्याचे हात ओले व्हावेत, आणि पुलाबद्दल असं की वाचणारा पाणमांजराच्या वाटेला जाणार नाही. लोकांनी पूल तेवढा लक्षात ठेवला. लोक तसंच करतात.

त्याचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या दारात होती.

"पाणमांजर काढून टाकतायत," तो म्हणाला. "कोल्हीण आणि साळिंदर, दोघंच ठेवणार."

"माझ्या लेखामुळं?"

"माझ्या कामामुळं. तुम्ही फक्त वाचून दाखवलंत." मग तो घाईनं म्हणाला, "मी थोडी मुदत मागून घेतलीय. आता काही दिवस फोन करणार नाही. राग नाही हं... काम आहे."

आणि खरंच त्यानं केला नाही. टाचणी दुसऱ्या गेमवर लिहायला बसायची, दोन ओळी लिहून पुसायची. लेख मागं घ्यावासा तिला एकदाही वाटला नाही. पण आपण बरोबर आहोत एवढ्यानं जेवण गोड लागत नाही, हेही तिला तेव्हाच कळलं.

"तुला तो आवडतो," एके दिवशी ताई ताट वाढता वाढता म्हणाली. ताई दातांची डॉक्टर, त्यामुळं नेमकं दुखतं तिथं बोट ठेवायची तिला सवय.

"मला पाणमांजर आवडतं."

"पाणमांजराजवळ फोन नसतो गं. तू मघापासून फोनकडं बघतेयस."

टाचणीनं फोन उपडा ठेवला.

"लेखात जरा गोड बोलायचं होतंस."

"तू किडलेल्या दाताला चांगला म्हणतेस का?"

"नाही म्हणत," ताई म्हणाली. "पण आधी भूल देते."

आणि मग एका दुपारी तो तिच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, पण हनुवटी वर. आल्या आल्या त्यानं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"पूल पुन्हा बनवलाय. आज आमच्या प्रमुखांना दाखवायचाय. कोणी दुसऱ्यानं खेळून चालणार नाही, तुम्हीच हव्यात. तुम्ही खोटं बोलत नाही, हे त्यांनाही माहितीये." तो थांबला. "याल?"

टाचणी उठली. "दोन मिनिटं थांबा."

ती संपादकबाईंच्या केबिनमध्ये गेली. दार तिनं लावलं नाही.

"बाई, नदीचा तो गेम दुसऱ्या कोणाला द्या. पूर्ण होऊन बाजारात येईल तेव्हाही त्याच्यावर मी लिहिणार नाही."

बाईंनी चष्मा काढला. "तूच हट्टानं मागून घेतला होतास. केव्हापासून वाट बघत होतीस त्याची."

"हो."

"मग कारण?"

"तो बनवणाऱ्यांपैकी एकाबद्दल..." तिनं उघड्या दाराकडं एकदा पाहिलं. "एकाबद्दल मला आता तटस्थ राहता येत नाही. आणि मी त्याच्या कामाला मदत करायला निघालेय. मग वर लिहायचंही, हे बरोबर नाही."

"माणूस की पाणमांजर?"

"माणूस, बाई."

अख्ख्या ऑफिसात टाइप करायचा आवाज थांबला होता. बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "जा मग. आणि टाचणी, तिथं जाऊन मऊ होऊ नकोस."

दोघं रस्त्याला लागली.

"मी ऐकलं," तो म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच दार उघडं ठेवलं होतं."

पडदे ओढलेल्या त्याच खोलीत आज प्रमुख होते, हाताची घडी घालून. "खेळा," एवढंच ते म्हणाले.

टाचणीनं कंट्रोलर उचलला. पाणमांजर नदीतून वर आलं, पुलावर चढलं. रानकुत्रा धावला. तिनं बटण दाबलं, आणि पाणमांजर तीरासारखं सुटलं! आधी झेप, आधी दात. कुत्रा कोलमडला, तेव्हा कुठं त्यानं पाठ वाकवली, अंग झटकलं, मिशा सावरल्या. एकही हालचाल गेली नव्हती. फक्त लढाईच्या आधीची नंतर आली होती.

दुसरा कुत्रा. तिसरा. आणि पुलाच्या टोकाशी पाणमांजर पडलं.

रांगोबानं डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" प्रमुखांनी विचारलं.

"मी हरले," टाचणी म्हणाली. "उडी लवकर मारली. ही चूक माझ्या हाताची आहे, त्याची नाही. मागच्या वेळी चूक कुणाची ते मी छापून सांगितलं होतं, आज समोर सांगते." ती खुर्चीत पुढं सरकली. "पुन्हा लावा."

या वेळी तिनं पूल ओलांडला. पलीकडं खोरं उघडलं... ऊन, उंच गवत, लांबवर कोरडं पडलेलं नदीचं पात्र. टाचणी पुढं चालतच राहिली. कोणी तिला थांब म्हणालं नाही.

"राहू दे पाणमांजर," प्रमुख म्हणाले आणि दाराकडं निघाले. "बाकीच्या लढायाही अशाच करून द्या."

रांगोबा आणि टाचणी बाहेर पडली तेव्हा संध्याकाळ होत होती. बसथांब्यावर दोघंच.

"आता याच्या लेखावर तुझं नाव नसेल," तो म्हणाला. 'तुझं' कधी तोंडातून गेलं ते त्याला कळलं नाही. तिला कळलं.

"नसेल."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. खूप वाट बघितली होती मी याची."

"मग का सोडलंस?"

"लेख दुसरं कोणीही लिहील," ती म्हणाली. "तुझ्याशेजारी दुसरं कोणी बसलेलं मला चालणार नाही."

तो बोलायला लागला, अडला, परत लागला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

"माझं पुढचं काम तुला आवडलं नाही तर?"

"तर तोंडावर सांगेन."

"त्याच्या पुढचं?"

"तेही."

"असं... किती वर्षं?"

"तू किती वर्षं काम करणार आहेस?"

"म्हातारा होईपर्यंत."

"मग तोपर्यंत," टाचणी म्हणाली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

बस आली. दार उघडलं, थोडा वेळ उघडंच राहिलं. चालकानं दोघांकडं पाहिलं, मान हलवली, आणि बस रिकामीच पुढं गेली.