आतड्यांपाशी

हसा, पोरांनो, पण मी त्या चौकात अजून गाडीची काच खाली करत नाही. नगरपालिकेनं तिथल्या पोलादी पाइपांच्या भेंडोळ्याचं, त्या शिल्पाचं, नाव ‘उड्डाण’ ठेवलंय. गाव त्याला आतडीच म्हणतं. बसवाल्याला आपण तेच सांगतो, आतड्यांपाशी उतरव. ती जोडली बेकेतनं. आम्ही एकाच कारखान्यात वेल्डिंग करायचो.

शेवटच्या वेटोळ्याला पाइप कमी पडले. बेकेतनं भंगारातून आणले. टोकांना पत्र्याच्या चंद्रकोरी होत्या. थडग्यांची कुंपणं ती, आंधळ्यालाही कळलं असतं.

“अरे, हे मेलेल्यांचं आहे,” मी म्हणालो.

“मेलेले काय उठून मागायला येणारेत? शनिवारी उद्घाटन आहे, धर नीट.”

त्यानं चंद्रकोरी छाटून टाकल्या. मला त्याची किळस आली. तरी पाइप धरून मीच उभा राहिलो, म्हणजे माझीही.

दोन वर्षांनी, एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात, बाहेर उणे अठरा. बेकेतच्या मेलेल्या आईच्या नावानं रायखाननं, त्याच्या बायकोनं, सात शेलपेक, तेलातल्या पोळ्या, तळले. आपली रीतच ती, तळणीचा वास मेलेल्या आईला, पोळ्या शेजाऱ्यांना.

“गरम आहेत तोवर सासूबाईंच्या मैत्रिणीकडे पोचवा,” ती म्हणाली. “थडग्यावर तर दोन वर्षांत फिरकला नाहीत. एवढं तरी आईपर्यंत जाऊ दे.”

आतड्यांपाशी गाडी बंद पडली. पोळ्यांचं फडकं घेऊन तो पायी निघाला. चार पावलांवर वास आला. खवट चरबीचा... म्हाताऱ्या तोंडाचा.

बर्फावर पाय घसरला. त्यानं पाइप धरला.

पाइप कोमट होता. चिकट. हात तेलानं माखला.

आतून आवाज येत होता. चघळण्याचा. बोळक्या तोंडांचा. मचमच... मचमच...

“उंदीर असतील, आगा,” दाऊलेत, तू आत्ता म्हणालास ना? उंदीर नावानं हाक मारत नाहीत.

...

नाही, कोणाचा आवाज ते त्यानं मला सांगितलं नाही. चहा ओत.

हातातलं फडकं हलकं झालं होतं. उघडलं तर सहा पोळ्या नाहीत. सातवी होती. कडेनं चावलेली, ओली... लाळेनं.

घरी येऊन तो उंबऱ्यातच ओकला.

सकाळी कबरस्तानात गेला. आईच्या थडग्याभोवती कुंपण नव्हतं. जमिनीतून चार खुंट वर आलेले, करवतीनं कापलेले. त्यानं आपल्याच आईचे पाइप जोडले होते. तो तिथंच बर्फात बसून लेकरासारखा रडला.

भाकर कचऱ्यात टाकायची नसते, म्हणून रायखाननं सातवी पोळी खिडकीत ठेवली होती. परतल्यावर त्यानं ती मोडली. चावलेल्या कडेत सोन्याचा दात रुतला होता. आईचा, वरचा. तिच्याबरोबर पुरलेला.

मी तो हातात घेतलाय, पोरांनो. कोमट होता.