तेवीसशे पन्नास फेरे

दारातून आधी प्रोपेलर आत आला, मागोमाग माणूस. प्रोपेलरचं एक पातं चिरलेलं होतं. दुसरं चौकटीवर खाडकन आपटलं.

"झालं! आता दोन्ही गेली," ती रंधा न थांबवता म्हणाली.

"बरं झालं. एकाच पात्यासाठी यायला मलाही लाजच वाटत होती."

बाबा खोकल्याआड हसले. धावपट्टीलगतचा तो लाकडी प्रोपेलरांचा कारखाना त्यांचा, पण पात्यांना पीळ किती द्यायचा हे गणित लेकीचं.

वैमानिकाचं दोन आसनी विमान त्याच्या दुप्पट वयाचं होतं. महिन्याभरात त्याला दूरच्या किनाऱ्यावर नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हणून त्याने लांब पल्ल्याचा प्रोपेलर मागितला. पीळ जास्त, वेग जास्त.

"चढताना मात्र रडवेल हं."

"एकटाच तर आहे. चढेन," तो म्हणाला, आणि उगाच तिच्याकडे बघत राहिला...

नवा प्रोपेलर लावून तो एक फेरी मारून आला. "इंजिन दमतंय. मिनिटाला एकवीसशेच फेरे. वेग एकशे पाच मैल."

तिने वहीत मांडून पाहिलं. हा प्रोपेलर एका फेऱ्यात पुढे सरकणार फार तर बावन्न इंच. एकवीसशे फेऱ्यांना ताशी एकशे तीन मैल. हवेत नाही, लाकडात स्क्रूसारखा घुसला असता तरी एकशे पाच जमले नसते. तिने विमानातला फेऱ्यांचा मीटर तपासला. मीटर चोख होता. म्हणजे...

तिने वही मिटली. "ठेवून जा. बघते."

असं चारदा झालं. तो यायचा, तीच तक्रार सांगायचा, बाकावर रेंगाळायचा. तिच्या केसांतला भुसा दाखवून म्हणायचा, "झटकू नका. शोभतोय." तो गेला की ती आकाशातलं प्रत्येक इंजिन कान देऊन ऐकायची. त्याचं नसायचं. तरी ऐकायची.

रविवारी महिना भरत होता. शुक्रवारी तो आला, पण बाकावर बसला नाही.

"आज फेरे... बरोबर आले. तेवीसशे पन्नास."

खरा आकडा. तिने रंधा खाली ठेवला.

"पहिल्या दिवशीही तेवढेच होते," ती हळूच म्हणाली.

तो चपापला. "मग चारदा रंधा कशाला मारलात?"

"रंधा कुणी मारला? नुसतं पॉलिश केलं. चारदा!"

दोघंही हसली. मग त्याचं हसू विरलं.

"याच्यावर... दोघं उडतील इथून?"

हो म्हणायला जीभ आसुसली होती. पण धावपट्टीच्या टोकाला उंच झाडं होती. "नाही. झाडांत जाल. दोघांसाठी पीळ कमी हवा. वेग पंधरा मैलांनी उतरेल. आणि तीन आठवडे लागतील."

"उतरू दे. रविवारी रेल्वेने जातो मी. तीन आठवड्यांनी येईन, विमान न्यायला... आणि—"

तिने मागणीचा कागद ओढला. "दुसऱ्या माणसाचं वजन?"

"ते... कसं विचारायचं असतं?"

"अहो, विचारून टाका एकदाचं!" आतून बाबा ओरडले. "लाकूड कापायचंय मला!"

कानांपर्यंत लाल होत तिने स्वतःच लिहिलं, चोपन्न किलो. क्षणभर थांबली. मग खाली आणखी एक ओळ घातली, सामान, सात किलो.