वाळायला चार मिनिटं

लेखनाच्या परीक्षेत एकदा नापास होणं हे दुर्दैव आणि दोनदा होणं हा अभ्यासक्रमाचाच भाग, असं भिंगरीचं ठाम मत होतं. भिंगरी हे तिचं घरचं नाव. चौतिशी आली तरी आई तिला त्याच नावाने हाक मारायची, कारण एका जागी स्वस्थ बसणं तिला तेव्हाही जमत नव्हतं आणि आताही नाही. यंत्रांचे सुटे भाग मागवणाऱ्या कचेरीत तिने नऊ वर्षं काढली. तिथे येणाऱ्या चिनी कागदांचे अगम्य अनुवाद वाचून तिचं डोकं उठलं आणि एके दिवशी राजीनामा ठेवून ती भाषाच शिकायला परदेशी निघून आली. मामा म्हणाला, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलीस. आईने फक्त विचारलं, "अक्षर कसं असतं गं त्यांचं?"

आईचा प्रश्न बरोबरच होता. बत्तीस वर्षं तिने पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं आणि माणसाची पारख ती अक्षरावरून करायची. "आधी अक्षरं उभी करा, मग त्यांच्या डोक्यावर छप्पर घाला," असं म्हणत तिने शेकडो मुलांना शेवटी रेघ मारायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ती घरी एकटीच असायची.

भिंगरीचं बोलणं फर्डं होतं. भाजीवाला, बसचा ड्रायव्हर, वसतिगृहाचा रखवालदार, कोणाशीही ती चिनीत हुज्जत घालू शकायची. वाचनही बरं होतं. घोडं पेंड खात होतं ते लेखनात. शेवटच्या परीक्षेत साठ शब्दांचं श्रुतलेखन आणि एक निबंध, सगळं हाताने लिहायचं होतं. संधी तीनच मिळायच्या आणि तिच्या दोन संपल्या होत्या. एका इस्पितळात दुभाष्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती, पण प्रमाणपत्र हातात असेल तरच. नाहीतर बॅग भरायची, घरी जायचं आणि मामाचं तोंड बघायचं. परीक्षेला वीस दिवस उरले होते. भिंगरीच्या हिशेबाने ते पुष्कळ होते.

लेखनाच्या बाई बारीक चणीच्या आणि बोलायला कमी होत्या. त्यांनी सगळ्यांना पाण्याच्या कापडावर सराव करायला सांगितलं. हे कापड करड्या रंगाचं असतं, त्यावर चौकटी छापलेल्या असतात. कुंचला साध्या पाण्यात बुडवून लिहिलं की ओली जागा शाईसारखी काळी दिसते आणि तीन-चार मिनिटांत वाळून कापड पुन्हा कोरं होतं. कागद वाचतो, शाई वाचते. बाईंचा त्यात आणखी एक फायदा होता.

"जे आधी लिहिलं ते आधी वाळतं," त्या म्हणाल्या. "वरचं आधी, खालचं नंतर. आडवी रेघ आधी, उभी नंतर. तुम्ही लिहिताना मी बघितलं नाही तरी वाळताना मला सगळं कळतं."

मग त्या भिंगरीच्या बाकाशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तिचं अक्षर एकेक रेघ करून नाहीसं होत गेलं आणि बाईंनी तीन चुका दाखवल्या. दुधाच्या मिशा पुसायच्या आत पकडलेल्या मांजरासारखं भिंगरीला वाटलं.

कापड विकत आणायची वेळच आली नाही. खोलीतल्या टेबलाच्या खालच्या खणात एक गुंडाळी मिळाली. कडा झिजलेल्या होत्या, पण कापड चांगलं होतं. रखवालदाराला तिने ते दाखवलं.

"तो खण मी स्वतः पुसला होता," तो म्हणाला. "रिकामा होता."

"आता नाहीये," भिंगरी म्हणाली. आयत्या बिळावर नागोबा व्हायला तिला कधीच लाज वाटली नव्हती.

रोज सकाळी न्याहारी झाली की खिडकीपाशी टेबल ओढून ती दोन तास लिहायची. तिसऱ्या दिवशी एक अक्षर वाळताना त्याची एकच रेघ मागे राहिली. सगळं उडालं तरी ती तशीच ओली, काळीभोर. तिने बारकाईने पाहिलं तर ती रेघ तिने चुकीच्या जागी काढली होती. ती म्हणाली, इथे पाणी जास्त सांडलं असेल.

पाचव्या दिवशी पेला विसळून ती परत आली, तेव्हा कोऱ्या कापडावर एक अक्षर होतं. तिने सकाळभर चुकवलेलं तेच अक्षर, पण सुबक, ठसठशीत. ते तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेलं, रेघेमागून रेघ, अगदी बिनचूक क्रमाने.

भिंगरी काही घाबरणारी बाई नव्हती. तिने कापड उलटून पाहिलं, उजेडात धरलं, साबणाने धुतलं, पाणी उकळून गार करून वापरलं. दाराला आतून कडी लावून, पाठ फिरवून ती दहापर्यंत आकडे मोजायची. वळून बघावं तर अक्षर हजर. असे चार दिवस गेले. मग तिने हा नाद सोडला. परीक्षा तोंडावर आलेली असताना फुकटची शिकवणी मिळतेय, तर शिकवणाऱ्याची जन्मपत्रिका कशाला मागायची? आणि शिकवणी फार उत्तम होती. कुठली रेघ आखूड, कुठली लांब, कुठे दाब द्यायचा, सगळं तिच्या हातात उतरत गेलं. वर्गात बाई तिच्या बाकाशी थांबल्या, कापड वाळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि एकही चूक न दाखवता पुढे गेल्या. भिंगरीला त्या दिवशी दुपारी दोनदा जेवावंसं वाटलं.

निबंधाचा विषय बाईंनी आधीच सांगून टाकला: घराची वाट. बसथांब्यापासून आपल्या घरापर्यंत वाचणाऱ्याला न्यायचं. भिंगरीने लगेच सरावाला घेतलं. थांब्यावर उतरायचं, छापखान्याच्या भिंतीच्या कडेने चालायचं, मग आमची गल्ली. एवढं लिहून ती थांबली. तिचं लिखाण वाळलं आणि खाली दोन अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता, ‘मग?’

"वा," ती मोठ्याने म्हणाली. "ऐकायलाही बसलास का?"

मग रोजचंच झालं. ती लिहायची आणि खाली ‘मग?’ यायचं. मग ती उजवीकडे वळली. मग तिसरं घर आलं, हिरव्या दाराचं. मग दोन पायऱ्या. मग कुंडी. बहुतेक चुका प्रश्नांतच दुरुस्त होऊन यायच्या, म्हणजे तिने कुंडी चुकीची लिहिली की पुढच्या प्रश्नात कुंडी बरोबर लिहिलेली असायची. घरात कोण? आई. एकटी? एकटी. आई सकाळी फिरायला जाते तेव्हा किल्ली कुठे ठेवते? कुंडीखाली, कारण किल्ल्या हरवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. कुंडीच्या कोणत्या बाजूला?

इथे भिंगरीचा कुंचला जरा थबकला. निबंधाला एवढं कशाला लागतंय, असं तिला वाटलं. पण ‘बाजू’ हा शब्द तिचा नेहमी चुकायचा आणि सराव तर हवाच होता. तिने लिहिलं, भिंतीच्या बाजूला.

निबंधाची शेवटची ओळ मात्र चिनीत काही केल्या जमेना. दार उघडून ती लहानपणापासून ओरडत आली होती तेच तिला तिथे हवं होतं. शेवटी जिवाच्या समाधानासाठी तिने ते मराठीतच कापडाच्या मधोमध लिहिलं: आई, मी आले. आधी अक्षरं, मग छप्पर. लिहिल्यावर तिला एकदम घरची आठवण आली आणि डोळे भरून आले. आपण इतकं लांब येऊन आईला एकटं ठेवलं, हे तिला वर्षभरात पहिल्यांदाच टोचलं.

ओळ वाळली. काही वेळ काहीच झालं नाही.

मग तीच ओळ पुन्हा उमटली. लहान मुलाने लिहावी तशी, वाकडीतिकडी, मराठीतच.

भिंगरीला हसू फुटलं. आता गुरूच चेला झाला होता. ती टेबलावर कोपरं टेकून बघत बसली आणि वाळताना तिला दिसलं की वरची रेघ सगळ्यात आधी गेली. अक्षरं बोडकी उभी राहिली, मग तीही गेली. म्हणजे आधी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं टांगली होती, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. वरचं आधी, आडवी आधी. शिवाय अंदाज चुकून रेघ पुढे चार बोटं उरली होती.

"असं नाही रे," ती म्हणाली आणि तिने पुन्हा लिहून दाखवलं. पुढचे चार दिवस ती दाखवत राहिली. अक्षर रोज सुधारत गेलं. अगदी तिच्या अक्षरासारखं दिसायला लागलं. रेघ मात्र आधीच यायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी तिचा सरावाचा निबंध वाचला. वाचून झाल्यावर कागद त्यांनी लगेच परत दिला नाही.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या दारापर्यंत पोहोचले. किल्लीही सापडली." मग त्यांनी विचारलं, "इतकं बारीक लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मीच लिहिलं," भिंगरी म्हणाली. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि उद्या कमी लिहा म्हणून सांगितलं.

परीक्षेत तिचा हात लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. श्रुतलेखनात एकही शब्द अडला नाही. निबंधात तिने किल्ली गाळली. का गाळली हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. कागद देऊन बाहेर आल्यावर ऊन लागलं आणि तिला खूप भूक लागली.

निकाल लागायला चार दिवस होते. ते चारही दिवस कापड कोरं राहिलं. तिने लिहून पाहिलं, वाट पाहिली, ‘मग?’ असंसुद्धा स्वतःच लिहिलं. काही नाही. काम संपलं की शिकवणी थांबणारच, असं म्हणून ती झोपायला लागली, गाढ.

पाचव्या दिवशी अकरा वाजता फळ्यावर यादी लागली. शंभरपैकी एक्क्याण्णव. भिंगरीने यादी तीन वेळा वाचली. तिसऱ्या वेळी ती रडली आणि रडताना हसली. मामाला काय सांगायचं याची वाक्यं तिने जिन्यातच जुळवली. रखवालदाराला निकाल सांगून ती खोलीत आली.

टेबलावर कापड नव्हतं.

खण उघडला. खणातही नव्हतं. खिडकी बंद होती, दाराला कुलूप तिनेच लावलं होतं, ते तिनेच उघडलं होतं. पेला जागच्या जागी होता. सकाळी तिने तो काठोकाठ भरला होता. आता तो रिकामा होता.

तिने आईला फोन लावला.

"पास झाले," ती म्हणाली. "एक्क्याण्णव."

"मला माहीतच होतं," आई म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता. "आणि तू पाठवलेलं ते चौकटींचं कापडही मिळालं बरं का. मी आत्ता फिरून आले तर टेबलावर अंथरलेलं. शेजारच्यांनी पार्सल घेऊन आत ठेवलं असेल. किल्ली कुठे असते ते ठाऊक आहे त्यांना."

भिंगरी खुर्चीवर बसली.

"त्यावर काय आहे?"

"काय म्हणजे? तूच लिहिलंयस ना? ‘आई, मी आले.’ अक्षर सुरेख आहे, पण भिंगरे, बत्तीस वर्षं मी काय शिकवलं गं? रेघ आधी मारलीस. चार बोटं पुढे उरलीय, दिसतंय मला."

"आई, चष्मा लाव. रेघ अजून आहे का?"

"म्हणजे काय? आहे की." कापड सरकवल्यासारखा आवाज आला. "थांब. आता जरा पुसट होतेय. गेली. अगं, अक्षरं राहिली आणि रेघ गेली, ही कसली शाई?"

तीन-चार मिनिटं. भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. आईला घरी येऊन किती वेळ झाला होता?

"आई, ऐक. आत्ताच्या आत्ता घराबाहेर जा. शेजारी जाऊन बस."

"अगं, पण चहा ठेवलाय."

"आई."

"बरं, जाते. ओरडू नकोस." खुर्ची सरकली. मग आई थांबली.

"काय झालं?"

"अक्षरंही गेली सगळी," आई म्हणाली. "आता खाली दुसरी रेघ आलीय. चांगली लांब आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्याखाली अजून काहीच नाही."